आत काय आहे?

समजा, तुम्ही चिखल्याचे आहात. डहाणूहून बोर्डीकडे जाताना किनाऱ्याच्या रस्त्यावर लागणारं हे गाव. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. तुमचा मामेभाऊ नोकरीसाठी शारजाला गेलाय. त्याचा व्हॉट्सॲप येतो, ‘घरी पडलेला माझा जुना फोन पाठव ना. ती मोठी पॉवर बँकपण टाक त्यात. आणि हो, चिकूचे चिप्स विसरू नकोस!’

तुम्ही खोकं शोधता. खाली चिप्सची पाकिटं, मध्ये टी-शर्टात गुंडाळलेला फोन, कोपऱ्यात पॉवर बँक, वरून खाकी चिकटपट्टी. कुरियरच्या काउंटरवरचा माणूस खोकं वजनकाट्यावर ठेवतो आणि मान वर न करताच विचारतो, ‘आत काय आहे?’

तुमच्या तोंडून सहज उत्तर निघतं, ‘काही विशेष नाही. कपडे आणि खाऊ.’

त्या क्षणी तुम्हाला वाटतं, एका फोनने आणि एका पॉवर बँकेने काय आभाळ कोसळणार आहे? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण हवाई मालवाहतुकीत लिथियम बॅटरीसाठी जे काही नियम आहेत, ते सगळे काउंटरवरच्या या एका प्रश्नावर उभे आहेत. कारण एकदा खोकं विमानात चढलं की तो प्रश्न पुन्हा विचारायला कुणी नसतं. पायलटला खोक्याच्या आतलं दिसत नाही. त्याला फक्त कागद दिसतो. आणि तो कागद तुमच्या उत्तरावरून बनतो.

बॅटरीच्या पोटात काय चालतं?

आधी थोडं विज्ञान. बारावीत शिकलेली इलेक्ट्रोकेमिस्ट्री आठवत नसेल तरी चालेल.

लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामध्ये सेपरेटर नावाचा प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि सगळं एका द्रवात भिजलेलं असतं. हा द्रव म्हणजे इलेक्ट्रोलाइट, आणि तो ज्वलनशील असतो. म्हणजे खिशातल्या फोनमध्ये भरपूर ऊर्जा, पेट घेणारा द्रव आणि त्या दोघांना आवरून धरणारा एक पातळ पडदा एवढं सगळं एकत्र नांदत असतं. एरवी गुण्यागोविंदाने.

आता हा पडदा फाटला तर? फोन जोरात आपटला, सेल चेपला गेला, कारखान्यात आत एखादा धातूचा कण राहिला, भलत्याच चार्जरने जास्त चार्ज झाला किंवा बाहेरून खूप तापला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. उष्णता तयार होते. उष्णतेमुळे आतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. वेग वाढला की आणखी उष्णता. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. साध्या मराठीत, बैल उधळला आणि कासरा हातातून सुटला. तापमान काही सेकंदांत शेकडो अंशांवर जातं, सेलमधून ज्वलनशील वायू फुसकन बाहेर पडतात आणि पेट घेतात.

यातल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या कहाणीसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांमध्ये कॅथोड तापला की त्यातूनच ऑक्सिजन सुटतो. म्हणजे बाहेरची हवा तोडली की आग विझेलच, याची खात्री नाही. दुसरी, एक सेल पेटला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला लागते. मग त्याच्या शेजारच्याला. एका पॉवर बँकेत दोन-चार सेल असतील. मालवाहू विमानाच्या एका पॅलेटवर हजारो असू शकतात.

जमिनीवर निदान पळता तरी येतं

एप्रिल २०२२मध्ये नाशिकमध्ये ई-स्कूटर घेऊन निघालेल्या एका कंटेनरला आग लागली. आत ४० स्कूटर होत्या, त्यातल्या २० जळाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. कंटेनर रस्त्यावर होता. तो थांबवता आला, माणसं लांब गेली, अग्निशमन दलाचे बंब आले, पाण्याचा मारा झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वसईत, घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. ती बॅटरी विमानात नव्हती, एका घरात होती. पण रसायन तेच.

आता हाच प्रसंग समुद्रावर ३० हजार फुटांवर घडला तर काय होईल, याचा विचार करा. तिथे बंब येत नाही. गाडी कडेला घेता येत नाही.

विमानात आग विझवायची सोय नसते का? असते, पण ती दुसऱ्या प्रकारच्या आगीसाठी बनवलेली आहे. प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात हॅलॉन नावाचा वायू सोडता येतो. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या सेलला थंड करत नाही. त्यामुळे ज्वाळा दिसेनाशी झाली तरी एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये उष्णता सरकत राहू शकते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, प्रयोगशाळेत मुद्दाम बॅटऱ्या पेटवून पाहिल्या. सेलमधून सुटलेले वायू बंद जागेत साठले तर हॅलॉन असूनही स्फोट होऊ शकतो, असं त्यात दिसलं.

मोठ्या मालवाहू विमानांच्या मुख्य कक्षात तर बहुतेकदा हॅलॉनही नसतं. तिथली पद्धत अशी की आग लागली तर त्या कक्षाची हवा बंद करायची, दाब कमी करायचा आणि ऑक्सिजनअभावी आग मंदावण्याची वाट पाहत जवळचा विमानतळ गाठायचा. कापूस, कागद, लाकूड यांच्या आगीला हा उपाय लागू पडतो. लिथियमच्या बाबतीत तो किती अपुरा ठरतो, हे जगाला दुबईत कळलं.

दुबई, ३ सप्टेंबर २०१०

त्या संध्याकाळी यूपीएस कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. त्याआधी ते हाँगकाँगहून आलं होतं. विमानात कॅप्टन डग लॅम्प आणि फर्स्ट ऑफिसर मॅथ्यू बेल असे दोघेच होते. मालामध्ये ८१ हजारांहून जास्त लिथियम बॅटऱ्या आणि बॅटरीवर चालणारी उपकरणं होती.

उड्डाणानंतर साधारण २२ मिनिटांनी मुख्य कक्षात आगीची घंटा वाजली. विमान तेव्हा बहारीनजवळ होतं. दोहाचा विमानतळ जवळ आहे, असं नियंत्रकाने सुचवलं. कॅप्टनने दुबईला परत फिरायचा निर्णय घेतला. काही मिनिटांतच आगीने विमानाच्या नियंत्रण यंत्रणेला गाठलं आणि कॉकपिट धुराने भरलं. समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनच्या मास्कमधला ऑक्सिजन बंद पडला. दुसरा मास्क मिळवायला ते खुर्चीतून उठले, ते परत खुर्चीत आलेच नाहीत.

आता बेल एकटे होते. वेग, उंची, दिशा काहीच दिसत नव्हतं. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची तर तीही दिसत नव्हती. आसपासच्या दुसऱ्या विमानांचे पायलट त्यांचे निरोप नियंत्रकांपर्यंत आणि नियंत्रकांचे निरोप त्यांच्यापर्यंत पोचवत होते. विमान दुबईच्या धावपट्टीवर पोचलं तेव्हा ते उतरण्यासाठी फार उंचावर होतं, ते वरून पुढे निघून गेलं. शेवटचा पर्याय म्हणून शारजा विमानतळाचं नाव पुढे आलं. तिथवर विमान पोचलं नाही. ते दुबईतल्या मोकळ्या जागेत कोसळलं. घंटा वाजल्यापासून कोसळेपर्यंत सगळं अर्ध्या तासाच्या आत.

संयुक्त अरब अमिरातीच्या तपास यंत्रणेने २०१३मध्ये अंतिम अहवाल दिला. ज्या भागात आग लागली तिथे लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि त्यांच्या आगीने विमानाला सावरायला वेळच दिला नाही, असा त्याचा सूर आहे. पण विद्यार्थी म्हणून तुम्ही लक्ष द्यावं अशी गोष्ट त्यात आणखी एक आहे. त्या मालातल्या निदान तीन खेपांमधल्या बॅटऱ्या ‘धोकादायक माल, वर्ग ९’च्या निकषात बसत होत्या. त्या तशा जाहीर व्हायला हव्या होत्या. झाल्या नव्हत्या. म्हणजे कुठल्यातरी काउंटरवर ‘आत काय आहे?’ याचं पूर्ण उत्तर दिलं गेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, दक्षिण कोरियातल्या इंचॉनहून शांघायला निघालेलं एशियाना कंपनीचं मालवाहू ७४७ आग लागून जेजू बेटाजवळ समुद्रात पडलं. त्यातलेही दोन्ही पायलट गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्या आणि ज्वलनशील द्रव दोन्ही होते. आग नेमकी कशामुळे सुरू झाली, हे तपासातून सिद्ध होऊ शकलं नाही.

आग हवेत विझत नाही, म्हणून नियम जमिनीवर

या घटनांनंतरचे नियम नीट पाहिले तर त्यामागचा विचार एकच दिसतो. हवेत आग आटोक्यात आणता येईल याचा भरवसा नाही. मग सगळी सुरक्षा खोकं विमानात चढण्याआधीच उरकायची.

हे नियम करते ती ‘इकाओ’, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. त्यावर आधारलेलं नियमपुस्तक विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ दर वर्षी काढते. भारतात धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, लक्ष ठेवतं. नियमांचा गाभा असा आहे :

पहिली पायरी चाचणीची. लिथियम बॅटरी वाहतुकीला पाठवायची तर तिचा नमुना ‘यूएन ३८.३’ या चाचण्यांतून पास झालेला असावा लागतो. त्यात उंचीवरचा विरळ दाब, ७२ अंशांपर्यंत तापवणं आणि उणे ४० अंशांपर्यंत गोठवणं, हादरे, धक्के, मुद्दाम केलेलं शॉर्ट सर्किट, चेपणं असं सगळं येतं. परीक्षा आपल्यालाच असतात असं नाही! जानेवारी २०२०पासून या चाचण्यांचा गोषवारा उपलब्ध करून देणं उत्पादकांना बंधनकारक आहे.

दुसरी पायरी ओळखीची. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना यूएन ३४८० हा क्रमांक आहे. त्याच बॅटऱ्या उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत ठेवलेल्या असतील तर यूएन ३४८१. घड्याळात, कॅल्क्युलेटरमध्ये असतात तसल्या चार्ज न होणाऱ्या लिथियम-मेटल बॅटऱ्यांना ३०९० आणि ३०९१. हे चार आकडे मुंबईच्या सहार कार्गोमध्ये जे सांगतात तेच दुबईत, तेच शांघायमध्ये.

तिसरी पायरी विमानाची. आपलं कुरियर नेहमी मालवाहू विमानानेच जातं असं नाही. बराच माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. वर दीड-दोनशे माणसं, खाली आपलं खोकं. म्हणून सुट्या लिथियम-मेटल बॅटऱ्यांना जानेवारी २०१५पासून आणि सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर बंदी आहे. त्यांच्या खोक्यावर नारिंगी लेबल लागतं, ‘कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली’. अर्थ सरळ आहे : हे फक्त मालवाहू विमानात चढवा.

चौथी पायरी चार्जची. त्याच १ एप्रिल २०१६पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानातून पाठवताना त्यांचा चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असाही नियम आला. कारण साधं आहे. बॅटरीत ऊर्जा कमी तर भडका छोटा, आणि शेजारच्या सेलपर्यंत आग पोचायची शक्यताही कमी. १ जानेवारी २०२६पासून, अगदी लहान बॅटऱ्या सोडल्या तर, उपकरणासोबत पण वेगळ्या ठेवलेल्या बॅटऱ्यांनाही ही अट लागू झाली.

पाचवी पायरी पॅकिंगची. टर्मिनल एकमेकांना किंवा कुठल्याही धातूला टेकता कामा नयेत. बॅटरी खोक्यात हलता कामा नये. उपकरण चुकून चालू होता कामा नये. ‘टी-शर्टात गुंडाळला’ हे पॅकिंग त्यात बसत नाही.

आणि सहावी पायरी, पाठवणाऱ्याची जबाबदारी. आत काय आहे हे खरं सांगायचं, त्यानुसार लेबल लावायचं, गरज असेल तिथे घोषणापत्रावर सही करायची. धोकादायक माल लपवून पाठवणं हा भारतात कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या पाच पायऱ्या या सहावीवर टेकलेल्या आहेत. ती निसटली की बाकीच्या कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत.

आता तुमच्या खोक्याकडे वळू

चिकूचे चिप्स : खुशाल जाऊ दे. त्यात स्फोटक काही असेल तर ती चव.

पॉवर बँक : इथे सगळ्यांची गफलत होते. पॉवर बँक हे आपल्या लेखी उपकरण असलं तरी नियमांच्या लेखी ती सुटी बॅटरीच आहे. म्हणजे यूएन ३४८०. प्रवासी विमानाच्या पोटातून ती माल म्हणून जाऊच शकत नाही. मालवाहू विमानातून पाठवायची तर चार्ज, पॅकिंग, लेबल, कागदपत्रं हे सगळं प्रशिक्षित माणसाकडून व्हावं लागतं. त्यामुळे बहुतेक कुरियरवाले सामान्य ग्राहकाकडून हवाईमार्गे ती घेतच नाहीत. मामेभावाला म्हणावं, तिकडेच नवी घे. खर्च कमी, डोक्याला ताप नाही.

जुना फोन : बॅटरी फोनमध्ये बसवलेली असेल आणि धडधाकट असेल तर तो यूएन ३४८१मध्ये येतो. असे फोन विमानातून जातात, पण कंपनीला तसं सांगून. कंपनीची जी पद्धत असेल ती पाळून, फोन पूर्ण बंद करून, घट्ट खोक्यात. काही कंपन्या घेतील, काही नाही म्हणतील.

पण थांबा. तो फोन घरी दोन वर्षं कपाटात पडून होता ना? त्याची पाठ एकदा नीट बघा. कव्हर थोडं उचललंय का? टेबलावर ठेवला तर डुगडुगतो का? स्क्रीन कडेने वर आलीये का? बॅटरी फुगली असेल तर विषय तिथेच संपला. सुरक्षिततेच्या दृष्टीने सदोष किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी हवाईमार्गे पाठवायला मनाई आहे. प्रवासी विमान नाही, मालवाहू विमानही नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या तेव्हा ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेने तो फोन विमानात नेण्यावरच पूर्ण बंदी घातली होती. खिशातही नाही, बॅगेतही नाही. बॅटरी बिघडली की तिच्यासाठी सवलत नसते.

म्हणून काउंटरवर खरं उत्तर द्या. फार तर काय होईल? माणूस म्हणेल, ‘हे काढा, मग घेतो.’ दोन मिनिटं जातील, चिकटपट्टी वाया जाईल. पण खोटं उत्तर दिलंत तर काउंटरवरच्या त्या माणसापासून विमानातल्या पायलटपर्यंत सगळे तुमच्या शब्दावर विसंबून पुढचं काम करतील. यातलं कुणी तुम्हाला ओळखत नाही. तुम्हीही त्यांना ओळखत नाही.

इन्स्टावर सेकंडहँड फोन, गेमिंग हँडसेट, ड्रोन, ब्लूटूथ स्पीकर विकणाऱ्यांसाठी तर हे दुप्पट लागू आहे. एखादा पार्सल पाठवतो तेव्हा तुम्ही ‘घरचा मुलगा’ असता. आठवड्याला दहा पाठवायला लागलात की तुम्ही व्यावसायिक आहात. कुरियर कंपनीशी आधी बोलून घ्या, बॅटरी असलेल्या मालासाठी त्यांची वेगळी पद्धत विचारा. देशातल्या देशात पाठवताना रस्त्याचा पर्याय मागा. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात महामार्ग आणि रेल्वे दोन्ही हाताशी आहेत. पार्सल दोन दिवस उशिरा पोचेल. ग्राहकाला तसं आधी सांगितलं तर तो समजून घेतो.

स्वतः विमानात बसताना

पार्सलमध्ये नको म्हणतात ती पॉवर बँक प्रवासात मात्र स्वतःसोबत न्या म्हणतात. हे उलटं वाटतं ना? पण कारण तेच. चेक-इनच्या बॅगेत काही पेटलं तर ते सामानकक्षात, कुणाच्या हाताला न लागणाऱ्या जागी. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, माणूस पोचतो, आग विझवून वर पाणी ओतून सेल थंड करता येतात.

एप्रिल २०२२मध्ये दिब्रुगडहून दिल्लीला येणाऱ्या विमानात एका प्रवाशाच्या फोनमधून ठिणग्या आणि धूर निघाला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या तिथे आग विझवली. कुणालाही इजा झाली नाही. जानेवारी २०२५मध्ये मात्र दक्षिण कोरियात, बुसानजवळ, एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या सामानकप्प्यात आग लागली. विमान अजून जमिनीवर होतं म्हणून सगळे बाहेर पडू शकले. पॉवर बँक हे तिथलं संभाव्य कारण मानलं गेलं. तेव्हापासून अनेक विमान कंपन्या सांगतात, पॉवर बँक वरच्या कप्प्यात नको, डोळ्यांसमोर ठेवा.

किती मोठी चालते? त्यासाठी एक सोपं गणित. एमएएचला ३.७ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. उत्तर वॉट-अवरमध्ये येतं. १० हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-अवर. २० हजारांची ७४. साधारण नियम असा : १००पर्यंत चालते, १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी लागते, १६०च्या वर नाही. ३० हजार एमएएचची घेतलीत तर आकडा १११ होतो, म्हणजे आधी विचारावं लागणार. आणि ई-स्कूटरची बॅटरी? २ किलोवॉट-अवरची धरली तरी २००० वॉट-अवर. दहा हजारवाल्या पन्नासहून जास्त पॉवर बँका एकत्र बांधल्यासारखं. ती विमानात का चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

यात नोकरीही आहे

हा विषय फक्त ‘हे करू नका, ते करू नका’चा नाही. धोकादायक माल स्वीकारणं, तपासणं, त्याचे कागद बनवणं हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं काम आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असतात, ठरावीक काळाने उजळणी करावी लागते. एअर कार्गो, कुरियर, लॉजिस्टिक्स, ई-वाहन कंपन्या, सगळीकडे हे काम जाणणारी माणसं लागतात. विज्ञानाचा पाया असेल तर उत्तम, पण त्याहून जास्त लागते ती बारकाईने वाचायची आणि नियम सुटत असेल तर ‘नाही’ म्हणायची सवय.

डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाली. त्याबद्दल किनाऱ्यावरच्या गावांत मोठा विरोध आहे, मच्छीमारांचे प्रश्न खरे आहेत आणि ती चर्चा वेगळी. पण माल समुद्राने जावो, रस्त्याने की विमानाने, खोक्यावरचा यूएन क्रमांक तोच राहतो. तो वाचता येणारी माणसं आपल्या भागातून तयार झाली तर बिघडलं कुठे?

आज एवढं करा

घरातला तो एक खण तुम्हाला माहीत आहेच. जुने फोन, तुटके इअरबड्स, कधीतरी भेट मिळालेली बिननावाची पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, नाणी आणि किल्ल्या सगळं एकत्र. नाणं आणि सुटी बॅटरी शेजारी ठेवणं म्हणजे शॉर्ट सर्किटला घरचं आमंत्रण. खण उघडा, सुट्या बॅटऱ्या वेगळ्या काढा, त्यांच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावा.

फुगलेली बॅटरी सापडली तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावून ‘बघू चालतेय का’ करू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. काच किंवा मातीच्या भांड्यात, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा संकलन केंद्राला द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणजे हे मागणं तुमचा हक्क आहे.

नवी पॉवर बँक घेताना तिच्यावर बीआयएसची नोंदणी खूण आणि क्षमतेचा आकडा दोन्ही छापलेले आहेत का ते बघा. आकडाच नसेल तर विमानतळावर ती तुमच्याकडून काढून घेतली जाऊ शकते.

आणि मामेभावाला आजच मेसेज टाका : ‘चिप्स येतायत. पॉवर बँक तिकडेच घे. फोनचं बघून सांगतो.’